जर्मनीत होस्ट फॅमिलीकडे वर्षभर राहायचं: घरातल्या रोजच्या गोष्टींचं कसं करायचं?

नंदगडकर

नमस्कार मंडळी. धाकटी मुलगी ओ-पेअर म्हणून (यजमान घरात राहून त्यांची मुलं सांभाळायची) वर्षभरासाठी जर्मनीला निघाली आहे. श्टुटगार्टपासून तासाभरावरचं गाव. घरात नवरा-बायको आणि तीन व सहा वर्षांची दोन मुलं. जर्मनची ए१ परीक्षा झाली, करारावर सह्या झाल्या, व्हिसाची फाईल बंगळूरला आहे.

एजंट कागदांपुरतं बोलतो. घरात राहायचं कसं, असं विचारलं की 'जमतंय हो सगळं' म्हणून फोन ठेवतो. म्हणून इथं विचारतोय.

पोरगी अंडं खाते, मांस-मासे नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात आपली फोडणी चालते का? ज्वारीचं पीठ द्यावं का? घरात कुंदा (आपली दुधाची मिठाई), तूप, सुकं खोबरं बांधायची तयारी चालली आहे, आणि एकजण म्हणतो सगळं विमानतळावर काढून घेतात. न्हाणीघर, कपडे, थंडी यांचं काय? शेवटचं आणि महत्त्वाचं: काम किती करायचं आणि कुठं 'नाही' म्हणायचं? घरच्यासारखं राहायचं म्हटल्यावर तास मोजणं बरं दिसत नाही, असं तिच्या आईचं म्हणणं आहे.

---

निपाणी_अक्का

आधी बॅगेचं बघू, कारण वहिनींचं बांधणं आजच थांबवायला हवं.

कुंदा नको, तूप नको, खवा-पेढे नकोत. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. थोडंच आहे, घरच्यापुरतं आहे, डबा सीलबंद आहे, यातलं काही ऐकून घेत नाहीत. बॅग उघडली तर माल जातो आणि वर दंडही बसू शकतो. मांडे, म्हणजे आपली ती पातळ गोड पोळी, त्यांच्या भानगडीत तर पडूच नका, फ्रँकफर्टला पोचेपर्यंत त्यांचा भुगा झालेला असतो.

तुपाची काळजी सोडा. तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात 'बुटरश्माल्त्स' मिळतं. ते म्हणजे कढवलेलं लोणी, फोडणीला आणि भातावर आपल्या तुपासारखंच चालतं. पण डब्यावरचं नाव पुरतं वाचायचं. नुसतं 'श्माल्त्स' लिहिलेलं असेल तर ती बहुधा डुकराची चरबी, आणि दिसायला दोन्ही पांढरट-पिवळीच. घरी करायचं असेल तर बिनमिठाच्या लोण्याचं २५० ग्रॅमचं पाकीट मंद आचेवर कढवलं की साधारण २०० ग्रॅम तूप निघतं.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमान कंपन्याच अडवतात. त्यात तेल इतकं असतं की कोंडलेल्या जागी ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. तिथं खोबऱ्याचा कीस 'कोकोसरास्पेल' नावानं केक-बिस्किटांच्या सामानाजवळ मिळतो. कोरडाच भाजला की चटणीला आणि वाटणाला चालतो, तेल मात्र आपल्या खोबऱ्याइतकं सुटत नाही.

ताजी फळं, भाज्या, पानं यांना रोपं निरोगी असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. त्यातून सुटलेली फळं पाचच: अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे नारळ न्यायला हरकत नाही आणि कढीपत्त्याची काडी न्यायला आहे, असा कारभार! कढीपत्ता सावलीत वाळवून कुरकुरीत झाल्यावर बरणीत भरा. पेरायचं बी-बियाणं आणि अख्खं धान्य देऊ नका. दळलेलं पीठ आणि मसाले चालतात.

द्यायचं काय? हळद १०० ग्रॅम, ब्याडगीचं तिखट पाव किलो, कांदा-लसूण मसाला पाव किलो, हिंगाची डबी (ती दुहेरी डब्यात, नाहीतर सगळ्या कपड्यांना हिंगाचा वास), मोहरी, जिरं, आमसुलं. संकेश्वरीचं तिखट वेगळ्या छोट्या डबीत द्या आणि वर खूण करा, मुलांच्या जेवणात चुकून पडायला नको. चटण्यांत कारळ्याची आणि जवसाची द्या. कोरड्या भाजून, पूर्ण गार करून कुटल्या तर चांगल्या टिकतात. खोबरं-लसूण घातलेली लवकर खवट होते. शेंगा चटणी देण्याआधी त्या घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे मेसेज करून विचारा. हा प्रश्न तिथं अगदी नेहमीचा आहे, कुणी वेगळं समजत नाही.

भेटवस्तू म्हणून अथणी-निपाणीकडची कोल्हापुरी चप्पल उत्तम. तिथले नंबर वेगळे, म्हणून पाय कागदावर ठेवून पेन्सिलनं आखायला सांगा आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये मागवा. नाहीतर शहापूर-वडगावच्या मागाचं एखादं सुती कापड, टेबलावर घालायला.

---

टिळकवाडी_मागची_गल्ली

अक्कानं बॅग आवरली, मी घर सांगतो. यजमान लोक कुरकुर करतात ती बहुतेक दोनच गोष्टींवर: खिडक्या आणि पाणी.

खिडक्यांचं आधी. खानापूर-जांबोटीच्या पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरते म्हणून आपण दारं-खिडक्या लावून घेतो, कारण ओल बाहेरून येते. तिथं नेमकं उलटं. घरं हवाबंद असतात आणि ओल आतली असते: अंघोळ, स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे, माणसांचा श्वास. हिवाळ्यातल्या गार हवेत बाष्प फार कमी मावतं, त्यामुळे बाहेर पाऊस पडत असला तरी ती हवा आत येऊन तापली की कोरडीच ठरते. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा, पाच ते दहा मिनिटं, खिडकी पूर्ण उघडायची, जमल्यास समोरासमोरच्या दोन. त्या वेळी हीटर बंद करायचा. नाहीतर त्याच्या नळावरच्या थर्मोस्टॅटला गार वारा लागतो आणि तो झडप पूर्ण उघडून गॅस जाळत बसतो. खिडकी वरून थोडी कलती करून दिवसभर तशीच ठेवणं हा सगळ्यात वाईट प्रकार. हवा धड बदलत नाही, चौकटीभोवतीची भिंत मात्र गार पडते आणि तिथंच काळे ठिपके धरतात.

हीटरच्या नळावर १ ते ५ आकडे असतात. ३ म्हणजे साधारण २० अंश. लवकर गरम व्हावं म्हणून ५ वर ठेवून उपयोग नाही. तो आकडा खोली किती तापवायची ते ठरवतो, किती वेगानं ते नाही. हीटरवर टॉवेल किंवा ओले कपडे टाकायचे नाहीत. रात्री खोली १६-१८ अंशांवर ठेवून जाड पांघरूण घेतात. पहिले काही दिवस गारठल्यासारखं होणार, अंगात थर्मल घालायचं. जाड कोट इथून घेऊ नका, बेळगावच्या खडेबाजारात जे मिळतं ते तिथल्या जानेवारीला पुरत नाही. तिथं जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगला कोट स्वस्तात मिळतो.

आता न्हाणीघर. शॉवरच्या किंवा टबच्या बाहेर जमिनीला मोरी नसते. बादली-तांब्या, फरशीवर पाणी ओतून धुणं, सगळं बंद. फरशीवर सांडलेलं पाणी कडेच्या सिलिकॉनमधून खाली झिरपतं आणि खालच्या छताला डाग येतो. अंघोळ पाच-सात मिनिटांत. झाल्यावर काचेवरून रबरी पट्टी फिरवायची, कारण पाण्यात चुना असतो आणि वाळला की पांढरे डाग बसतात. जाळीतले केस दर वेळी काढायचे. डोक्याला तेल लावायचं असेल तर उशीवर जुना टॉवेल घालायचा. तेल एकदा त्यांच्या पांढऱ्या अभ्र्यात मुरलं की ३०-४० अंशांच्या धुण्यात निघत नाही, ६० लागतं. टबात तेलकट पाणी गेलं असेल तर साबण लावून पुसून यायचं. मागून तीन वर्षांचं पोर जाणार आहे, पाय घसरतो.

संडासात कागदच असतो. हातात धरून वापरायची छोटी पिचकारी बाटली इथूनच द्या, तीनशे-साडेतीनशे मिलिलिटरची पुरते, पण पाणी सीटवर राहिलं तर पुसायचं. सॅनिटरी पॅड कमोडमध्ये कधीच टाकायचे नाहीत, कागदात गुंडाळून डब्यात.

कचऱ्याचे डबे चार: कागद निळ्यात, पॅकिंगचं प्लास्टिक-पत्रा पिवळ्यात, ओला तपकिरीत, उरलेला काळ्या-करड्यात. रंग गावागणिक थोडे बदलतात. शिजवलेलं अन्न ओल्यात चालतं की नाही हेही गावावर आहे, म्हणून नगरपालिकेचा तक्ता फ्रिजवर लावलेला असतो तो पहिल्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. काचेच्या बाटल्या रंगानुसार वेगळ्या पेटीत, आणि रविवारी नाही, कारण आवाज होतो. पाण्याच्या पातळ प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या पत्र्याच्या डब्यावर २५ सेंट अनामत असते. ती दुकानातल्या मशीनमध्ये टाकून पावती घ्यायची. फेकली किंवा चेपली तर पैसे गेले.

---

अनगोळ_नाका

वहिनींचं म्हणणं समजतं, पण त्याच्यावर चालू नका. तास मोजणं हेच तिथलं बरं दिसणं आहे. जे बोलत नाहीत त्यांचं पुढं बिनसतं.

जर्मनीत ओ-पेअरचे नियम ठरलेले आहेत आणि करारात ते असायला हवेत. दिवसाला जास्तीत जास्त ६ तास, आठवड्याला ३० तास. मुलं झोपल्यावर घरात थांबणं हेही कामाच्याच तासांत धरायचं. आठवड्याला दीड दिवस सुट्टी, महिन्यातून किमान एक पूर्ण रविवार मोकळा, आठवड्यातल्या किमान चार संध्याकाळी मोकळ्या. वर्षभर राहिलं तर ४ आठवडे पगारी रजा. हातखर्च महिन्याला २८० युरो, आणि आजारपण किंवा रजा असली तरी तो कापायचा नाही. भाषेच्या वर्गासाठी महिन्याला ७० युरो वेगळे. स्वतंत्र खोली, किमान ८ चौरस मीटर, खिडकी आणि हीटरसह. विमा घरच्यांनी काढायचा आणि हप्ता त्यांनीच भरायचा.

काम म्हणजे मुलांचं करणं आणि त्यासोबतचं हलकं घरकाम: मुलांचा नाश्ता, त्यांचे कपडे, डिशवॉशर लावणं-काढणं, खेळ आवरणं. अख्ख्या घराच्या खिडक्या पुसणं, बागेचं खणणं, घरातल्या आजी-आजोबांची शुश्रूषा हे यात येत नाही.

एक वही करायची: तारीख, कितीपासून कितीपर्यंत, काय. लपवून नाही, फ्रिजवरच्या कॅलेंडरवरच लिहिलं तरी चालतं. आठवड्याला ३० च्या वर जायला लागलं की दुसऱ्या आठवड्यात बोलायचं, तिसऱ्या महिन्यात नाही. बोलायची वेळ मुलं झोपल्यावर, आणि वाक्य साधं: 'या आठवड्यात ३६ तास झाले, पुढच्या आठवड्यात ६ कमी करता येतील का?' तोंड पाडून बसलं तर तिथं कुणाला कळत नाही. थकलेली असेल म्हणून सोडून देतात.

खाण्याचंही तसंच. 'घेणार का?' ला आपण पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदा आग्रह होईल या भरवशावर. तिथं दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही आणि भांडं उचललं जातं. हवं असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणायचं.

जमलंच नाही तर करार मोडता येतो, साधारण १४ दिवसांची नोटीस करारात असते. घर बदलून दुसरीकडे उरलेले महिने काढता येतात, पण आधी परदेशी नागरिकांच्या कचेरीला कळवायचं. एकूण मुदत १२ महिन्यांपुढं जात नाही आणि दुसऱ्यांदा ओ-पेअर होता येत नाही. अडचणीत सल्ला द्यायला 'इन व्हिया' ही कॅथलिक संस्था आहे, धर्म विचारत नाहीत.

एजंटबद्दल एवढंच: जर्मनीतल्या खासगी एजन्सीला ओ-पेअरकडून जास्तीत जास्त १५० युरो घेता येतात. इथं कुणी लाखांत बोलत असेल तर ते कशाचे, हे लेखी मागा.

---

नंदगडकर

फार उपयोग झाला. कुंद्याचा डबा कपाटात गेला, आता आम्हीच खातो की!

त्यांनी स्वयंपाकघराचा फोटो पाठवलाय. शेगडी म्हणजे काळी सपाट काच आहे, जाळ कुठंच नाही. आपला लोखंडी तवा आणि हॉकिन्सचा तीन लिटरचा कुकर देणार होतो. चालेल का? मिक्सरचं काय? आणि भाकरी जमेल का त्याच्यावर?

---

चंदगड_रस्ता

काळी काच दोन प्रकारची असते. एकीत खाली तापणारी तार असते, चालू केली की लाल दिसते. दुसरी इंडक्शन, ती लाल होत नाही आणि भांडं उचललं की बंद पडते. विचारूनच घ्या. इंडक्शन असेल तर भांड्याच्या बुडाला फ्रिजवरचं लोहचुंबक चिकटलं पाहिजे. साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. द्यायचाच तर स्टीलचा, इंडक्शन बुडाचा, दोन लिटरचा द्या आणि एक जादा रिंग द्या, ती तिथं सहज मिळत नाही. वजन दीड-दोन किलो जातं हे धरा. खरं सांगायचं तर तूरडाळीऐवजी मसूरडाळ किंवा मूगडाळ शिजवली तर कुकर लागत नाही. मसूर उघड्या भांड्यात २० मिनिटांत मऊ होते.

लोखंडी तवा इंडक्शनवर तापतो, उलट चांगलाच तापतो. अडचण दोन. एक, तव्याचं बूड खोलगट असेल तर मधेच तापतो आणि कडा गार राहतात, भाकरी मधे करपते, कडेला कच्ची. सपाट बुडाचा बघून द्या, आणि शेगडीच्या वर्तुळापेक्षा फार मोठा नको. दोन, तवा काचेवर सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा. एकदा ओरखडा पडला की पडला. तवा डिशवॉशरमध्येही घालायचा नाही, रात्रीत गंजतो. लाकडी चमचे, धारदार सुऱ्या, ॲल्युमिनियमची भांडी यांनाही डिशवॉशर नको.

भाकरीबद्दल. तव्यावर पाणी लावून एक बाजू भाजायची, उलटून दुसरी, इथपर्यंत सगळं होतं. जाळावर टम्म फुगवणं होत नाही. त्याऐवजी तव्यावरच स्वच्छ कापडाच्या बोळ्यानं कडेकडेनं हलकं दाबत फिरवायचं, वाफ धरते आणि बऱ्यापैकी फुगते. पीठ जुनं झालं की त्याची चिकटाई जाते आणि थापताना भाकरी चिरते. त्याला उपाय उकळत्या पाण्याचा: एक वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी उकळतं पाणी, चिमूटभर मीठ, झाकून दहा मिनिटं, मग गार पाण्याचा हात लावून पाच मिनिटं चांगलं मळायचं. दोन किलोपेक्षा जास्त पीठ देऊ नका, पडून राहतं. संपल्यावर मोठ्या शहरातल्या भारतीय दुकानात मिळतं. सुपरमार्केटात 'हिर्झं' लिहिलेलं असतं ते बहुधा वेगळं, बारीक पिवळं धान्य, त्याची आपल्यासारखी भाकरी होत नाही.

चपातीला तिथलं '४०५' नंबरचं पीठ आणू नये, तो मैदाच. 'फोलकॉर्न' म्हणजे कोंड्यासकट, पण दळण जाड असतं आणि चपाती वातड होते. दोन्ही निम्मं-निम्मं घालून, पाणी जरा जास्त, अर्धा तास झाकून ठेवलं की चालण्यासारखी होते.

मिक्सर नेता येतो. तिथंही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आपल्यासारखंच. फक्त पिन वेगळी. आपली तीन गोल पिनांची बसत नाही, ॲडॅप्टर लागतो, आणि मिक्सरसाठी तो १६ अँपिअरचा बघून घ्यायचा, मोबाईलपुरता स्वस्तातला नको. पण मिक्सरचा आवाज रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर नको. ड्रिल, गवत कापणं, आपला मिक्सर, सगळे एकाच यादीत धरा.

आता फोडणी. छतावर पांढऱ्या चकत्या दिसतील, ते धुराचे अलार्म. झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर निघायच्या वाटेवर ते कायद्यानंच असतात. तेलाचा धूर निघाला आणि स्वयंपाकघराचं दार उघडं राहिलं की पॅसेजमधला वाजतो. क्रम असा ठेवायचा: दार बंद, खिडकी उघडी, वरचा पंखा आधी दोन मिनिटं चालू, मग तेल. आच मध्यम, ९ पैकी ५-६. मोहरी टाकली की लगेच झाकण. तडतड थांबली की भांडं शेगडीवरून बाजूला घेऊनच जिरं, हिंग, हळद, कारण काच बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते आणि हळद करपते. तिखट सगळ्यात शेवटी, ओला पदार्थ हाताशी ठेवून. तिखट जळलं तर अख्खं घर खोकतं, आणि तेवढ्यानं 'भारतीय स्वयंपाक नको' असा नियम होऊन बसतो. बऱ्याच घरांत वरचा पंखा हवा बाहेर टाकत नाही, कोळशाच्या फिल्टरमधून फिरवून परत आत सोडतो. वास राहतोच. म्हणून स्वयंपाकाआधी कोट आणि जॅकेटं टांगलेल्या खोलीचं दार लावून घ्यायचं, लोकरीत वास दिवसेंदिवस राहतो.

सोपा मार्ग म्हणजे आठवड्याची फोडणी एकदाच करणं. वाटीभर तेलात मोहरी, जिरं, वाळका कढीपत्ता, हिंग, हळद घालून गार करायची आणि बरणीत फ्रिजमध्ये ठेवायची. वरणाला एक चमचा. लसूण त्यात घालू नये. तेलात बुडवून ठेवलेला लसूण विषारी होऊ शकतो, तो ताजाच घालायचा.

हळदीचा डाग पांढऱ्या ओट्यावर, लाकडी पाटावर, प्लास्टिकच्या डब्यांवर बसतो. सांडल्या सांडल्या पुसायची. साबण लावल्यावर डाग लाल होतो, घाबरू नये, ते साबणाच्या क्षारामुळं. पाट आणि डबे उन्हात ठेवले तर एक-दोन दिवसांत फिके पडतात, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. हिवाळ्यात ऊन नसतं, तेव्हा स्वतःचा एक डबा आणि एक पाट वेगळाच ठेवलेला बरा.

---

निपाणी_अक्का

चंदगडवाल्यांचं सगळं पटलं, पण पहिल्या आठवड्यात फोडणीच नको असं माझं मत. आधी त्यांचं जेवण बघू दे. बऱ्याच घरांत दुपारी गरम जेवण आणि संध्याकाळी सातच्या आत थंड: पाव, चीज, काकडी, टोमॅटो. त्या वेळात कढई चढवली तर घराचं वेळापत्रक बिघडतं. दोन आठवडे झाले की एखाद्या सुट्टीच्या दुपारी विचारून सगळ्यांसाठी करायचं. बिनतिखटाचं वरण, जिरेभात, बटाट्याची भाजी. मुलं बटाटा खातातच.

शाकाहारी म्हणून नुसतं सांगू नका, काय काय नको ते लिहून द्या: मांस नको, मासे नकोत, सॉसेज नको, मांसाचं पाणी घातलेलं सूप नको, अंडं आणि दूध चालतं. सूपमधलं मांसाचं पाणी आणि गोळ्या-जेलीतलं जिलेटिन यांना कित्येक जण मांस धरत नाहीत, त्यामुळं फसवायचा हेतू नसतानाही ताटात येतं. चीजमध्येही दूध गोठवायला घातलेलं वासराच्या पोटातलं रेनेट असू शकतं. ते चालतं की नाही, हे पोरीनं घरूनच ठरवून जावं.

---

चंदगड_रस्ता

आठवडाभर पाव-चीज खाऊन पोरीला ताप येईल हो अक्का. दहीभात तरी करू दे, त्याला फोडणी लागत नाही. साधं दही 'नाटुरयोगुर्ट', ३.५ टक्क्यांचं.

---

शहापूर_मास्तरीण

मुलांबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि दिवसातला जास्तीत जास्त वेळ तर त्यांच्याबरोबरच.

तीन वर्षांच्या मुलाला भरवायचं नाही. सांडलं तरी ते स्वतः खातं, आणि नको म्हणालं की ताट उचलायचं. आग्रह करून एक घास जादा देणं तिथं चुकीचं धरतात. गोळी-चॉकलेट आई-बापाला विचारल्याशिवाय नाही. किती वेळ टीव्ही, कितीला झोप, रडलं तर उचलायचं की थांबायचं, या चार गोष्टी पहिल्याच आठवड्यात विचारून लिहून घ्याव्यात.

रस्ता ओलांडताना सिग्नल लाल असेल तर गाडी नसली तरी थांबायचं. मुलं बरोबर असताना मोडला तर अनोळखी माणसंसुद्धा टोकतात. गाडीत १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला त्याच्या मापाची सीट लागतेच, मांडीवर घेऊन बसणं नाही. बालवाडीतून मुलाला आणायचं असेल तर घरच्यांनी तिथं तिचं नाव लेखी दिलेलं असावं लागतं. नसेल तर मुलाला सोडत नाहीत आणि ती दारात ताटकळत राहते. पहिल्या दिवशी पासपोर्ट जवळ ठेवावा.

मुलांचे फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला नाहीत, गावच्या ग्रुपवरही नाहीत. विचारून परवानगी मिळाली तरी चेहरा न दिसणारेच. या एका कारणावरून चांगलं चाललेलं घर तुटतं.

आपत्कालीन नंबर पाठ असावेत: आग आणि अँब्युलन्स ११२, पोलीस ११०. रात्री-रविवारी डॉक्टर हवा असेल पण जीवावरचं नसेल तर ११६११७. घराचा पत्ता जर्मनमध्ये न अडखळता सांगता आला पाहिजे, घर नंबरसकट. त्याचा सराव इथूनच करून घ्या.

---

नंदगडकर

वहिनींनी (म्हणजे आमच्या मंडळींनी) हे सगळं छापून मागितलंय. एकच राहिलं: पोचल्यावरचे कागद, आणि फोन कधी करायचा?

---

अनगोळ_नाका

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद. त्याला पासपोर्ट आणि घरमालकाचं, म्हणजे तिथं ज्यांच्याकडे राहते त्यांचं, सही केलेलं राहत असल्याचं पत्र लागतं. कोऱ्या कागदावर नाही, ठरलेला नमुना असतो. त्यानंतर परदेशी नागरिकांच्या कचेरीची वेळ लगेच मागून ठेवायची. व्हिसावर बहुधा थोड्याच महिन्यांची मुदत असते आणि पुढच्या परवान्याच्या तारखा लवकर मिळत नाहीत.

नोंद झाल्यावर काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र तिच्या नावानं येतं, महिन्याला १८.३६ युरो. घाबरून भरू नये आणि फेकूनही देऊ नये. ही वर्गणी घरामागे एकच असते. यजमानांचा वर्गणी क्रमांक त्याच फॉर्मवर लिहून परत पाठवला की संपलं. उत्तर दिलं नाही तर ते आपणहून तिचं खातं उघडतात आणि थकबाकी चढत जाते.

तिच्या हातून वस्तू फुटली-बिघडली तर भरपाईचा विमा वेगळा असतो. यजमानांच्या पॉलिसीत तिचं नाव घालता येतं का विचारा, पण घरच्यांच्याच वस्तूंचं नुकसान त्यात बहुधा बसत नाही. ते वाचून घ्या. त्या काचेच्या शेगडीवर तवा आपटला तर हाच प्रश्न येणार.

फोनचं गणित: उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. मुलांना झोपवून ती तिथं आठला मोकळी झाली की नंदगडला साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. त्यापेक्षा मुलं शाळा-बालवाडीत असताना, तिथले सकाळचे दहा, बरे. आपल्याकडे दुपारचे दीड-अडीच. आणि रोजचा व्हिडिओ कॉल जेवणाच्या टेबलावर नको. आईला घर दाखवायचंय म्हणून फोन फिरवला तर आधी त्या लोकांना विचारायचं.

शिवाय दारावरच्या पत्रपेटीवर तिचं आडनाव पहिल्याच दिवशी चिकटवून घ्या, पासपोर्टवर आहे तसंच स्पेलिंग. पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, कचेरीची तारीख, सगळं 'व्यक्ती सापडली नाही' म्हणून परत जातं. टेपच्या तुकड्यावर पेनानं लिहिलेलं चालतं, फक्त पावसात पुसलं जाणार नाही असं.